हर्षलच्या गावात सत्तर मिनिटं

इंग्लंड-युरोपच्या सहली काढणाऱ्या सर्व मराठी पर्यटन कंपन्यांच्या संचालकांना,

स. न. वि. वि.

मी मूळची दापोलीची. गेली चौदा वर्षं इंग्लंडमधल्या बाथ शहरात राहते. तुमच्या सहलीत लंडन, विंडसर, स्टोनहेंज यांच्या पाठोपाठ ज्याचं नाव येतं, तेच हे बाथ. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी इथल्या ॲबी नावाच्या जुन्या चर्चसमोरच्या चौकात कानावर मराठी पडतं. "अहो, इकडे या, फोटो राहिला." "पाण्याची बाटली बसमध्येच राहिली." "किती वाजता परत बोलावलंय?" मराठी ऐकलं की मी थांबते, कुठून आलात म्हणून विचारते. बरेचदा उत्तर पुरं व्हायच्या आत टूर मॅनेजरचा झेंडा वर होतो आणि माणसं निघून जातात.

इतकी वर्षं मी हे बघत आले. यंदा मे महिन्यात माझी मावशी अशाच एका सहलीतून इथे आली आणि तेव्हापासून मला गप्प बसवत नाही. तिच्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, कारण हा एका कंपनीचा प्रश्न नाही. मावशी परत गेल्यावर मी ओळखीच्या लोकांकडून पाच-सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या आयटिनररी मागवून वाचल्या. बाथपुरतं सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच लिहिलंय. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना आहे, आणि तुमच्याकडे पैसे भरायच्या आधी लोकांनीही ते वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

मावशी एकाहत्तर वर्षांची आहे. कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये तिने एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ही सहल तिने पेन्शनमधून तीन वर्षं पैसे साठवून केली, मुलाने देऊ केलेले पैसे घेतले नाहीत. बस साडेबाराला बाथला पोहोचणार होती. सकाळी निघायला उशीर, स्टोनहेंजला उशीर, मग वाटेत ट्रॅफिक, असं होत होत ती दोनला दहा मिनिटं असताना आली. तीन वाजता सगळ्यांनी परत बसपाशी जमायचं होतं. म्हणजे सत्तर मिनिटं. बसमध्ये चव्वेचाळीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, सकाळपासून प्रवासात. पहिली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, ती जायलाच हवी होती. दहा मिनिटं ग्रुप फोटोत गेली. उरलेल्या वेळात मावशी ॲबीच्या दर्शनी भिंतीसमोर मान वर करून उभी राहिली.

त्या भिंतीवर दोन्ही बाजूंना दगडात कोरलेल्या उंच शिड्या आहेत आणि शिड्यांवर देवदूत आहेत. ऑलिव्हर किंग नावाच्या बिशपला असं स्वप्न पडलं आणि १४९९ मध्ये त्याने हे चर्च नव्याने बांधायला घेतलं, अशी कथा सांगतात. मावशीच्या नजरेने एक गोष्ट लगेच टिपली. काही देवदूत शिडीवर डोकं खाली करून आहेत. तिने टूर मॅनेजरला विचारलं, "हे उलटे का?" पंचविशीतला मुलगा होता, सकाळपासून धावून धावून घामाघूम झालेला. तो म्हणाला, "मॅडम, हे इथलं फेमस चर्च." मग तिने विचारलं, "आणि ते गरम पाण्याचं कुंड?" तो म्हणाला, "ते ऑप्शनल होतं, वेळ नाही म्हणून आज कॅन्सल केलंय. बाहेरून बघून घ्या."

मी मावशीचा हात धरून तिला वीस-पंचवीस पावलं पलीकडे, रोमन बाथ्सच्या इमारतीपाशी नेलं. "याच्या पलीकडे आहे," म्हटलं. तिने तळहात भिंतीवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "गरम नाही गं लागत." तेवढ्यात झेंडा वर झाला.

आठवड्याने तिचा फोन आला. लंडन आवडलं, स्कॉटलंड फार आवडलं. "तुझ्या गावात मात्र फार बघण्यासारखं नव्हतं हं, चर्च तेवढं छान होतं." तेव्हा मला आठवलं आणि मी तिला सांगितलं, की ज्या घराच्या मागच्या बागेतून विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ च्या रात्री युरेनस पाहिला, ते घर बाथमध्येच आहे. १९ न्यू किंग स्ट्रीट. आता तिथे संग्रहालय आहे. आपल्या पंचांगात आणि पत्रिकेत ज्याला ‘हर्षल’ म्हणतात, तो ग्रह या माणसाच्या नावाने आपल्याकडे आला. तो इथे पोटासाठी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, संगीत शिकवायचा आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश बघायचा. आरसा घासताना हात उचलता येत नसत, म्हणून त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. तीही पुढे नावाजलेली खगोलशास्त्रज्ञ झाली, तिने धूमकेतू शोधले. त्या घराच्या तळघरात एकदा ओतकाम फसलं आणि वितळलेला धातू जमिनीवर सांडला. त्या उष्णतेने तडकलेल्या फरशा अजून तशाच आहेत. मी त्यांच्यावर उभी राहिले आहे.

एकतीस वर्षं फळ्यावर सूर्यमाला काढणारी माझी मावशी पलीकडे गप्प झाली. मग तिने एवढंच विचारलं, "बसपासून किती लांब होतं?"

"चालत दहा मिनिटं."

ती काही बोलली नाही. मी ते तिला त्या दुपारी चौकातच सांगायला हवं होतं, घाईत मला सुचलं नाही, याची रुखरुख मला आहेच. पण जिच्याकडून पैसे घेतले, तिला आपण कुठे घेऊन चाललोय हे सांगायची जबाबदारी तुमची होती.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं आहे ‘बाहेरून’ या शब्दाबद्दल. आयटिनररीत तुम्ही ‘जगप्रसिद्ध रोमन बाथ्स’ असं मोठ्या अक्षरात छापता आणि कंसात बारीक अक्षरात ‘बाहेरून’. रोमन बाथ्स बाहेरून दिसत नाहीत. दोन हजार वर्षांत शहर भर पडून वर चढत गेलं आणि रोमनांची कुंडं आजच्या रस्त्याच्या खाली राहिली. रस्त्यावरून दिसतात त्या पुढच्या शतकांतल्या इमारती. देवळाच्या मागच्या गल्लीतून माणसं नेली तर तुम्ही त्याला दर्शन म्हणाल का?

आत काय आहे ते एकदा नीट सांगू द्या. जमिनीतून रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी वर येतं, ४६ अंश सेल्सिअसचं. हे पाणी म्हणजे हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस आहे. तो जमिनीत खोल मुरला, तिथे तापला आणि खडकातल्या भेगेतून वर आला. आमच्या कोकणात अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतात. दापोलीकरांना उन्हवरे माहीत आहे, संगमेश्वराकडच्यांना तुरळ, राजापूरकरांना त्यांचं उन्हाळे, आणि मुंबई-ठाण्याच्या माणसाला वज्रेश्वरी. मराठी माणसाला गरम पाण्याचं कुंड आणि त्याच्या काठचा देव ही जोडी नवी नाही. इथेही तेच आहे. रोमन यायच्या आधीपासून या झऱ्यात सुलिस नावाची देवी होती. रोमनांनी तिला हटवलं नाही. आपल्या मिनर्व्हा देवीशी तिची गाठ घालून ‘सुलिस मिनर्व्हा’ केली आणि इ. स. ७० च्या सुमारास तिचं देऊळ आणि स्नानगृहं उभी करायला घेतली. मोठ्या कुंडाच्या तळाला त्यांनी शिशाचे ४५ पत्रे बसवले, ते अजून जागेवर आहेत. देवीचं सोन्याचा मुलामा दिलेलं कांस्यमुख १७२७ मध्ये गटार खणताना सापडलं, तेही आत ठेवलंय.

चार वर्षांपूर्वी माझी आई इथे आली होती. तिला मी आत घेऊन गेले आणि आम्हाला बाहेर पडायला तीन तास लागले. त्यातला सगळ्यात जास्त वेळ ती एका काचेच्या कपाटासमोर होती. झऱ्यातून शिशाचे सुमारे १३० छोटे पत्रे निघालेत. लोकांनी देवीच्या नावे मजकूर कोरून ते पाण्यात टाकले होते. डॉकिमिडिस नावाच्या कुणाचे दोन हातमोजे चोरीला गेले. ज्याने नेले त्याची बुद्धी आणि डोळे देवीच्या देवळातच जावेत, असं त्याने लिहून ठेवलंय. मी आईला एकेकाचा अर्थ सांगत होते. तिसऱ्या-चौथ्यालाच ती मोठ्याने म्हणाली, "अगो, हे तर गाऱ्हाणं घातलंय!" आमच्याकडे चोरी झाली, गुरं हरवली की ग्रामदेवतेपुढे जाऊन जे म्हणतात, तेच. मग पुढे झऱ्याचं जास्तीचं पाणी रोमनांनी बांधलेल्या कमानीतून बाहेर पडतं तिथे आलो. दगडावर लोखंडाच्या गंजासारखा नारिंगी थर चढलेला, वर वाफ. आई तिथे कठड्याला धरून उभी राहिली आणि तिने पदर डोक्यावर घेतला. मी काही विचारलं नाही.

हे सगळं जिथे आहे तो भाग तुम्ही ‘ऑप्शनल’ ठेवता, त्याचे पैसे बसमध्ये फिरून गोळा करता आणि उशीर झाला की पहिला गाळता. मावशीला तिचे पैसे परत मिळाले. कुंड मिळालं नाही.

दुसरं गाऱ्हाणं वेळेचं. बाथ हे एका वास्तूसाठी थांबायचं ठिकाण नाही. युनेस्कोने १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती आख्ख्या शहराला. २०२१ मध्ये युरोपातल्या ११ प्रमुख आरोग्यस्नान-नगरांत त्याचं नाव पुन्हा घेतलं. आणि हे शहर कळतं ते पायी. बसच्या काचेतून रॉयल क्रेसेंट दाखवलं तर एक लांबलचक इमारत दिसते, बस. त्याच्याकडे चालत कसं जायचं हे बांधणाऱ्यांनीच ठरवून ठेवलंय. खाली क्वीन स्क्वेअर. तिथून गे स्ट्रीटचा चढ. चढ संपला की तुम्ही एका वर्तुळात येता, त्याला म्हणतात सर्कस. थोरल्या जॉन वूडने आखलेली, १७५४ मध्ये सुरू झालेली ३३ घरं, तीन वळणदार ओळींत. मधोमध प्रचंड प्लेन वृक्ष. प्रत्येक मजल्याचे खांब वेगळ्या शैलीचे, आणि त्यांच्या वरच्या पट्टीत पाचशेहून अधिक कोरीव चिन्हं. साप, कंपास, वाद्यं, जहाजाचं सामान. मी अजून शोधत असते. गच्चीच्या काठावर दगडी ओकफळं आहेत. कुष्ठरोग झालेला ब्लॅडड नावाचा राजपुत्र डुकरं राखत होता, इथल्या गरम चिखलात लोळून डुकरांची कातडी बरी झाली, मग तोही लोळला आणि बरा झाला, अशी या शहराची जन्मकथा आहे. डुकरं ओकफळं खातात, म्हणून ती तिथे.

सर्कसमधून ब्रॉक स्ट्रीट निघते. ती मुद्दाम साधी ठेवलीय. दोन्ही बाजूंना सरळ घरं, समोर काही दिसत नाही. रस्ता संपतो आणि डावीकडे एकदम हिरवळ उघडते, उजवीकडे चंद्रकोरीसारखी वळत गेलेली ३० घरं, ११४ खांब. हेच रॉयल क्रेसेंट. थोरल्या वूडच्या मुलाने, धाकट्या जॉन वूडने, हे १७६७ ते १७७५ मध्ये केलं. पावसाळी दिवस असेल आणि मध्येच ऊन पडलं तर ओला बाथ स्टोन, म्हणजे इथल्या घरांचा दगड, मधाच्या रंगाचा होतो. मी चौदा वर्षांत किती वेळा त्या कोपऱ्यावरून वळले याचा हिशेब नाही. अजूनही वळायच्या आधी पाऊल आपोआप मंदावतं. मग मी पाहुण्यांना मागच्या गल्लीत नेते. समोरून एकसारखी दिसणारी तीच घरं मागून एकही दुसऱ्यासारखं नाही, कारण वूडने दर्शनी भाग ठरवून दिला होता, आतली रचना ज्याची त्याने केली. चाळीत, वाड्यात वाढलेल्या माणसाला हे फार आवडतं असा माझा अनुभव आहे.

तिसरं चढाचं. बाथ चढउतारांचं गाव आहे हे तुमच्या कुठल्याच पत्रकात लिहिलेलं मला दिसलं नाही. मावशीच्या गटातल्या दोघींनी गे स्ट्रीटकडे नुसतं बघूनच परत फिरायचं ठरवलं. त्यांच्या गुडघ्यांना सोसेल असा रस्ताही आहे. ॲबीपासून नदीकाठाने पुल्टनी पुलाकडे, हा १७७४ मध्ये पुरा झालेला रॉबर्ट ॲडमचा पूल, त्याच्या दोन्ही कडांना दुकानं आहेत, इतकी की पुलावर आहोत हे चालताना कळत नाही. पुढे ग्रेट पुल्टनी स्ट्रीट, रुंद आणि सपाट, आणि टोकाला सिडनी गार्डन्स. त्या बागेतून कालवा जातो, त्यावर १८०० सालचे बिडाचे नाजूक पूल आहेत. शेजारून ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेली रेल्वे जाते. बाकावर बसून गाडी आणि नाव दोन्ही बघता येतात. हा पर्याय आहे हे कुणी सांगितलं असतं, तर त्या दोघी अर्धा तास भेटवस्तूंच्या दुकानात उभ्या राहिल्या नसत्या.

चौथं गाऱ्हाणं मला सगळ्यात जास्त टोचतं. स्टोनहेंजहून बाथला यायला बसला तासभर लागतो. त्या तासात मावशीच्या बसमध्ये बाथबद्दल दोन वाक्यं सांगितली गेली. रोमन लोक इथे अंघोळ करायचे आणि इंग्लंडचे श्रीमंत इथे सुट्टीला यायचे. हे श्रीमंत कोण होते, त्यांचा पैसा कुठून आला, हे आपल्या माणसांना कळायला नको? प्लासीची लढाई आपण शाळेत शिकलो. तो रॉबर्ट क्लाइव्ह सर्कसमधल्या १४ नंबरच्या घरात राहिला होता. बंगालमधल्या कंपनीच्या फौजेचा सेनापती अलेक्झांडर चॅम्पियन, ज्याने रोहिल्यांवर स्वारी केली, त्याचं संगमरवरी स्मारक ॲबीच्या आत आहे. ॲबीच्या भिंतींवर सहाशेहून जास्त स्मृतिशिला आहेत. त्या वाचत गेलं की बंगाल, मद्रास, ईस्ट इंडिया कंपनी हे शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात. हिंदुस्थानातून कमावून आलेले लोक इथे तब्येत सुधारायला यायचे आणि इथेच संपायचे. उत्तरेच्या टेकडीवर बेकफर्डचा मनोरा दिसतो, १८२७ चा. तो जमैकातल्या उसाच्या मळ्यांच्या पैशातून आला, आणि ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत होते. हे सांगितलं म्हणून शहराचं सौंदर्य कमी होत नाही. माझं या गावावर प्रेम आहे, तरी मी पाहुण्यांना हे सांगते, कारण क्लाइव्हच्या दारासमोरून मराठी माणूस काहीही न कळता सेल्फी काढत गेला की मला वाईट वाटतं.

एप्रिल १९४२ मध्ये या शहरावर बॉम्ब पडले, चारशेहून अधिक माणसं मेली. त्याची खूण आजही काही भिंतींवर आहे. तीही दाखवायला हवी.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. ड्रायव्हरच्या तासांना इथे कायद्याची मर्यादा आहे, साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं. चव्वेचाळीस माणसांचं जेवण, त्यात जैन, त्यात मधुमेहवाले, हे सोपं नाही. बाथमधली हॉटेलं महाग आहेत. टूर मॅनेजरवर माझा अजिबात राग नाही, त्या मुलाने मावशीची बॅग स्वतः उचलून बसमध्ये ठेवली. पण एका दिवसात विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ बसवायचं हे कुणा ड्रायव्हरने ठरवलेलं नाही. ते तुमच्या ऑफिसमध्ये ठरतं, कारण यादी लांब दिसली की बुकिंग होतं. मग उशीर झाला की त्याची किंमत शेवटच्या गावाला द्यावी लागते, आणि शेवटचं गाव बहुतेक बाथच असतं.

मुक्कामाला बाथ परवडत नसेल तर ब्रिस्टलला करा. रेल्वेने पंधरा मिनिटांच्या आत आहे. आणि ब्रिस्टलला थांबलात तर आणखी एक गोष्ट होईल. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये तिथेच वारले. आर्नोस व्हेल दफनभूमीत द्वारकानाथ टागोरांनी त्यांच्यावर बांधवलेली छत्री आहे, आपल्याकडच्या छत्र्यांसारखी, इंग्लंडच्या झाडीत. तुमची बस त्या बाजूने जाते तेव्हा एकानेही ती बघितलेली नसते.

आता मागण्या. आडपडदा न ठेवता लिहिते.

छापील कार्यक्रमात बाथला प्रत्यक्ष किती तास मिळतील ते आकड्यात लिहा, प्रवास आणि जेवण वजा करून. ‘बाहेरून’ हा शब्द रोमन बाथ्सच्या बाबतीत काढून टाका. आत नेणार असाल तर तिकीट मूळ किमतीत धरा आणि आधीच बुक करा. नेणार नसाल तर नाव छापू नका.

बाथला किमान पाच तास द्या. ते जमत नसेल तर त्या दिवसातून एक ठिकाण कमी करा. ते ठिकाण बाथ असलं तरी माझी हरकत नाही. नुसता पाय लावून नेण्यापेक्षा न आणलेलं बरं, निदान माणूस पुढे कधीतरी स्वतः येईल. मावशी आता म्हणते, बाथ झालंय माझं.

शहर पायी दाखवा आणि माहितगार माणसाकडून दाखवा. इथे महापौरांच्या नावाने चालणारं स्वयंसेवी गाइडांचं मंडळ आहे. १९३४ पासून ही माणसं रोमन बाथ्सला लागून असलेल्या पंप रूम या इमारतीच्या बाहेरून रोज सकाळी पाहुण्यांना दोन तास शहर फिरवतात, फुकट, टिपसुद्धा घेत नाहीत. मात्र चव्वेचाळीस जणांची बस न विचारता त्यांच्या अंगावर सोडू नका, तो त्यांच्यावर अन्याय होईल. मोठ्या गटासाठी ब्लू बॅज गाइड, म्हणजे परीक्षा देऊन अधिकृत बिल्ला मिळवलेला गाइड, पैसे देऊन घ्या. माणशी वाटून काढलंत तर तो खर्च तुमच्या एका वेळच्या जेवणापेक्षा जास्त होणार नाही असं मला वाटतं, तुम्ही हिशेब करून बघा.

गटाचे दोन भाग करा. एक चढाचा रस्ता, एक सपाट. बुकिंगच्या वेळीच गुडघ्यांची चौकशी करा, आणि स्वच्छतागृह, बाक कुठे आहेत ते टूर मॅनेजरच्या हातात कागदावर द्या.

ज्यांना हर्शेलचं घर बघायचंय, त्यांना एक तास मोकळा द्या. सगळे जाणार नाहीत. चव्वेचाळिसांत चार शिक्षक नक्की असतात.

आणि बसमध्ये त्या तासात सांगायला चार पानांचा चांगला मराठी मजकूर तयार ठेवा. तो मी लिहून देते. मानधन नको. झरा, सुलिस, शिशाचे पत्रे, वूड बापलेक, हर्षल, क्लाइव्ह, बॉम्ब, सगळं असेल, आणि ॲबीवरचे देवदूत उलटे का, तेही असेल. त्यांतले काही शिडी उतरतायत, म्हणून. दगडात उतरणं दाखवायचं तर डोकं खाली करावं लागलं असणार. मावशीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलंच."

मजकुरावर माझं नाव घालायची गरज नाही. एवढंच करा की तो वाचून दाखवणाऱ्या मुलाला स्वतःला एकदा, बस रिकामी असताना, या गावात एक पूर्ण दिवस फिरू द्या. शनिवार-रविवार मी मोकळी असते. दोन दिवस आधी कळवलंत तर सकाळी दहा वाजता पंप रूमच्या दाराशी उभी राहीन. दारावर ग्रीक अक्षरांत ‘पाणी सर्वश्रेष्ठ’ असं कोरलंय, तिथेच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बाथमध्ये राहणारी एक दापोलीकर